कम्युनिटी कॉलेज कंपनीला माणसं कशी मिळवून देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना नॉर्थ कॅरोलायनात उभा राहतोय. मशिनं येऊन पडली आहेत, पण सीएनसी (संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या) मशिनचे ऑपरेटर आणि मेंटेनन्स टेक्निशियन मिळत नाहीत. काउंटीच्या उद्योग खात्यातल्या माणसाने ‘कम्युनिटी कॉलेजला भेटा’ एवढंच सांगून फोन ठेवला. आता हे कॉलेज म्हणजे काय समजायचं? आयटीआय, प्लेसमेंट सेल की लेबर कॉन्ट्रॅक्टर? ते किती दिवसांत किती माणसं देईल? आणि असंच काही चाकणला जमेल का?

मी याच भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, कंपन्यांसाठी प्रशिक्षण आखणाऱ्या विभागात बरीच वर्षं काम करते. तेव्हा माहितीपत्रकात छापलेलं असतं ते तुम्ही वाचालच, बाकीचं मी सांगते.

‘किती दिवसांत किती माणसं’ याला कॉलेजकडे उत्तर नसतं, कारण तिथे पास होऊन नोकरीची वाट बघत बसलेली पोरं नसतात. पुण्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला कंपन्या कॅम्पसवर येतात, सकाळी लेखी परीक्षा, दुपारी मुलाखती, संध्याकाळी यादी. आमच्या संध्याकाळच्या वर्गात डोकावलात तर वेगळंच चित्र दिसेल. एक जण गोदामातली रात्रपाळी करून आणि चार तास झोपून आलाय. एक जण लष्करातून नुकता बाहेर पडलाय. एक बाई दोन मुलांना आईकडे सोडून आली आहे. पंचविशी, तिशी ओलांडलेले पुष्कळ. यातल्या बहुतेकांना नोकरी आहे, त्यांना बरी नोकरी हवी आहे. आज जिथे आहेत तिथून त्यांना ओढून आणायचं, तेही एखादं सत्र शिकवून, असं हे काम आहे.

म्हणून कॉलेजकडे माणसं मागायला जाऊ नका, काम समजावून सांगायला जा. ज्या कंपन्या ‘वीस टेक्निशियन पाठवा’ असा ईमेल टाकून बसतात, त्यांना नम्र उत्तर मिळतं, बाकी काही नाही. ज्या कंपन्या आपल्या शॉप फ्लोअरवरची माणसं दोन दिवस आमच्या खोलीत बसवतात, त्यांना वर्षभरात माणसं मिळायला लागतात. कसं ते पुढे येईलच.

आधी ही संस्था काय आहे ते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारी, स्थानिक, दोन वर्षांच्या पदवीपर्यंतचं आणि प्रवेशाला कट-ऑफ नसलेलं कॉलेज. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट इथे सुरू झालेलं कॉलेज हे यातलं सर्वांत जुनं, आजही चालू असलेलं. सुरुवातीचा हेतू विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकता यावीत हा होता. कारखान्यांसाठी माणसं तयार करणं हे काम नंतर, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, चिकटलं, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत ते फार जोरात चिकटलं. त्याचं कारण सरळ होतं. शेती आणि कापडगिरण्यांवर जगणाऱ्या या राज्यांना उत्तरेकडचे आणि परदेशी कारखाने आणायचे होते. जमीन स्वस्त होती, युनियन कमकुवत होत्या, पण कुशल कामगार नव्हते. मग राज्यांनीच सांगितलं, ‘तुम्ही कारखाना काढा, माणसं शिकवून द्यायचा खर्च आमचा.’ नॉर्थ कॅरोलायनाने १९५८ मध्ये हे सुरू केलं आणि १९६३ च्या कायद्याने त्यातून कम्युनिटी कॉलेजांची व्यवस्था उभी राहिली. आज राज्यात अशी ५८ कॉलेजं आहेत. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने १९६१ मध्ये, जॉर्जियाने १९६७ मध्ये हाच मार्ग धरला. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या स्पार्टनबर्ग काउंटीची निवड जाहीर केली, तेव्हा देऊ केलेल्या सवलतींत हे मोफत प्रशिक्षणही होतं.

तुमच्यासाठी जवळचं उदाहरण भारत फोर्जचं. पुण्याच्या या कंपनीने ॲल्युमिनियम फोर्जिंगच्या कारखान्यासाठी २०१९ मध्ये सॅनफर्ड हे गाव निवडलं, आणि सेंट्रल कॅरोलायना कम्युनिटी कॉलेजचं मुख्य ठिकाण तेच गाव आहे. कारखान्याची जागा ठरवताना जवळ कुठलं कॉलेज आहे आणि ते काय शिकवतं हे विचारायची इथे पद्धत आहे. तुमच्या कंपनीने ते विचारलं नसावं असं प्रश्नावरून वाटतं, पण उशीर झालेला नाही.

आता आत शिरल्यावर दोन दारं दिसतात आणि नवखे लोक हमखास चुकीच्या दारात जातात. एक दार पदवीच्या, म्हणजे क्रेडिटच्या अभ्यासक्रमांचं. तिथे मेकॅट्रॉनिक्स (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र), मशीनिंग, वेल्डिंग यांच्या दोन वर्षांच्या पदव्या किंवा वर्षभराची प्रमाणपत्रं असतात. तिथला अभ्यासक्रम राज्याच्या चौकटीतला, त्यात नवा विषय घालायचा तर समित्या, मान्यता, वर्ष सहज जातं. दुसरं दार बिगर-क्रेडिट, कंपन्यांच्या प्रशिक्षणाचं. तिथे आम्ही काही आठवड्यांत वर्ग उभा करू शकतो, तुमच्या कारखान्यातही, पहाटेच्या पाळीलाही. तुम्हाला ताबडतोब हवेत ते ऑपरेटर या दुसऱ्या दारातून. दोन-तीन वर्षांनी लागणारे मेंटेनन्सचे लोक पहिल्या दारातून. दोन्ही विभागांचे प्रमुख वेगळे असतात, आणि एकमेकांशी त्यांचं बोलणं असतंच असं नाही (हे मी घरातलं म्हणून सांगते). पहिल्या भेटीला दोघांनाही बोलवा.

मग ते दोन दिवस. या पद्धतीला डेकम म्हणतात, ओहायो स्टेट विद्यापीठाने तिचा मोठा प्रसार केला. खोलीत पाच ते बारा माणसं, सगळी प्रत्यक्ष काम करणारी. एचआर नको, प्लांट हेड नको. सुपरवायझर आला तर मागे बसेल आणि गप्प बसेल, ही अट. समोर मोकळी भिंत. आम्ही विचारतो, ‘गेल्या आठवड्यात काय काय केलंत?’ जे उत्तर येईल ते एका कार्डावर जाड मार्करने लिहून भिंतीवर चिकटवायचं, क्रियापद आणि कर्म, बस. ‘सेन्सर तपासणे.’ ‘बेअरिंग बदलणे.’ ‘पुढच्या पाळीला नोंद लिहून ठेवणे.’ पहिला तास लोक लाजतात, मग थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शंभरेक कार्डं लागतात. मग ती गटांत लावायची, डावीकडे मुख्य जबाबदाऱ्या, उजवीकडे त्यातली कामं.

एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्याचं असं बसवलं होतं. त्यांच्या जाहिरातीत टेक्निशियनसाठी पहिली अट होती हायड्रॉलिक्सची. भिंतीवर हायड्रॉलिक्सची कार्डं आली, पण बेताची. सर्वांत जास्त कार्डं कशाची होती तर इलेक्ट्रिकल ड्रॉइंग वाचून बिघाड शोधण्याची. एक जुना टेक्निशियन म्हणाला, रात्रपाळीला मशीन बंद पडली की नवा माणूस पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, अख्खं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलतो. इनपुटचा दिवा लागतोय का हे आधी बघितलं तर कळलं असतं की कार्ड शाबूत आहे, वस्तू जवळ आली की ओळखणाऱ्या वीस डॉलरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर तेल उडून तो आंधळा झालाय. मागे बसलेला मेंटेनन्स मॅनेजर वहीत काहीतरी लिहीत राहिला. नंतर त्याने जाहिरात बदलली, हायड्रॉलिक्स खाली गेलं, ‘वायरिंग डायग्राम वाचता येणं’ वर आलं, आणि आधी ज्यांचे अर्ज फेटाळले गेले असते असे लोक चालायला लागले. त्यात एक जण एसी दुरुस्तीचं काम करणारा होता. अभ्यासक्रम अजून सुरूही झाला नव्हता.

तुमच्या बाबतीत भिंतीवर काय येईल याचा मला थोडा अंदाज आहे, कारण भारतातून आलेल्या कारखान्यांत ते दरवेळी येतं. पुण्याहून आलेल्या ड्रॉइंगवर मापं मिलिमीटरमध्ये. इथला तिशीतला माणूस टेपवर इंचाचे सोळावे भाग मोजत मोठा झालेला. कॅलिपरवर बटण दाबलं की एकक बदलतं हे खरं, पण ०.०५ मिलिमीटर म्हणजे किती याचा अंदाज हाताला नसतो आणि तो बटणाने येत नाही. दुसरी, जास्त महागात पडणारी गोष्ट म्हणजे प्रोजेक्शन, वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर मांडायची पद्धत. आपल्याकडच्या बऱ्याच ड्रॉइंगवर फर्स्ट अँगल असतं, अमेरिकेत थर्ड अँगल, आणि दोन्हींत बाजूच्या चित्रांच्या जागा उलट असतात. कोपऱ्यातलं ते कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह इकडे कुणी बघत नाही, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी एकच प्रकार पाहिलेला असतो. मग भोक उलट्या बाजूला पडतं आणि पुण्याचा इंजिनिअर म्हणतो, ‘यांना ड्रॉइंग वाचता येत नाही.’ येतं की. दोन संध्याकाळच्या सरावात हे सुटतं, पण त्या दोन संध्याकाळी अभ्यासक्रमात घालायच्या हे कुणीतरी आम्हाला सांगावं लागतं. मेट्रिक आटे आणि इंची आटे यांचंही तेच.

आता भरती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आधी प्रशिक्षण, मग भरती. व्यवहारात प्रशिक्षण हीच भरती असते. साउथ कॅरोलायनाची रेडी एससी आणि जॉर्जियाची क्विक स्टार्ट या यंत्रणा वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत, आणि आमच्याकडेही साधारण तसंच चालतं. जाहिरात कॉलेज आणि कंपनी मिळून देतात. अर्जदारांची एक साधी चाचणी होते. पुष्कळ ठिकाणी एसीटी या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची वर्ककीज नावाची चाचणी घेतात, त्यात कामापुरतं गणित, तक्ते आणि आकृत्या वाचणं, कामाची कागदपत्रं समजणं एवढं असतं, आणि निकाल ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा लागतो. (ऑपरेटरला गोल्ड मागू नका. पुण्याहून आलेले लोक मागतात. कामाला सिल्व्हर पुरत असेल तर गोल्ड मागून तुम्ही स्वतःचीच रांग छोटी करता.) मग निवडक लोकांचा काही आठवड्यांचा वर्ग, बहुधा संध्याकाळी: सुरक्षितता, मापन, ड्रॉइंग, तुमच्या मशिनचा परिचय. वर्गाच्या शेवटी कंपनी मुलाखत घेते.

या वर्गात खरी निवड कशी होते ते कुठल्याही अर्जावर दिसत नाही. कोण दररोज वेळेवर येतो. मायक्रोमीटरवर चुकीचं माप आलं की कोण पुन्हा मोजतो आणि कोण शेजाऱ्याचा आकडा लिहितो. कोण मशीनला हात लावण्याआधी चष्मा घालतो. आमच्या प्रशिक्षकाला तिसऱ्या संध्याकाळपर्यंत हे कळलेलं असतं. तुमचा सुपरवायझर आठवड्यातून एकदा मागे येऊन बसला तर त्यालाही कळेल, आणि त्याच वेळी उमेदवारही तुम्हाला पारखत असतो हे विसरू नका. एका कंपनीचा माणूस दर वेळी उशिरा यायचा आणि फोनवर बोलत बसायचा. वर्ग संपेपर्यंत चांगल्यापैकी तिघे दुसरीकडे लागले.

आणि पगार. बहुतेक मालक इथे ताकाला जाऊन भांडं लपवतात. ‘कुशल माणसं मिळत नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांशी बोलताना मी पहिल्या दहा मिनिटांत तासाचा दर, पाळीच्या वेळा आणि ओव्हरटाइम सक्तीचा आहे का हे विचारते. माझा अनुभव असा की तक्रारींतल्या बऱ्याचशा कौशल्याच्या नसतातच. हायवेपलीकडच्या गोदामात न शिकता तासाला दोन डॉलर जास्त मिळत असतील तर आठ आठवडे शिकून तुमच्याकडे कोण येणार? याला कॉलेजकडे औषध नाही. आम्ही आजूबाजूच्या कंपन्यांचे दर दाखवू शकतो, पाळीची वेळ मुलांच्या शाळेशी जुळवायला सुचवू शकतो, इतकंच. गावात बस नसते हेही लक्षात घ्या. गाडी बिघडली की माणूस दोन दिवस गायब, आणि तुमच्या हजेरीच्या नियमात तो नोकरीवरून जातो. काही कॉलेजांकडे अशा वेळी विद्यार्थ्याला देण्यासाठी छोटा आपत्कालीन निधी असतो. टायर बदलायला दिलेल्या त्या पैशांनी अख्खं प्रशिक्षण वाचल्याचं मी पाहिलं आहे.

मेंटेनन्स टेक्निशियनचं गणित वेगळं, तो सहा आठवड्यांत होत नाही. त्यासाठी अप्रेंटिसशिप. अमेरिकेतला त्याचा मूळ कायदा १९३७ चा. नोंदणीकृत अप्रेंटिसला साधारणपणे वर्षाला २,००० तास कामावर आणि किमान १४४ तास वर्गात अशी वाटणी असते, आणि पहिल्या दिवसापासून पगार, तोही टप्प्याटप्प्याने वाढणारा. आपल्याकडच्या स्टायपेंडची सवय डोक्यातून काढा. आमच्या राज्यात नोंदणीचं कामसुद्धा कम्युनिटी कॉलेजांच्या व्यवस्थेकडेच आहे, त्यामुळे एकाच ठिकाणी जायचं. शार्लटच्या परिसरात ऑस्ट्रियाची ब्लूम, स्वित्झर्लंडची डेटवायलर अशा कंपन्यांनी १९९५ मध्ये आपल्या देशातली पद्धत इथे आणून अप्रेंटिसशिप २००० नावाचा गट काढला. पुढे सीमेन्सने शार्लटच्या गॅस टर्बाइन कारखान्यासाठी सेंट्रल पीडमॉन्ट कम्युनिटी कॉलेजशी हात मिळवले. लेझर आणि रोबोटिक्सचे अभ्यासक्रम बसवायला कंपनीने मदत केली. ते उदाहरण ओबामांनी २०१२ च्या स्टेट ऑफ द युनियन भाषणात दिलं होतं.

मला स्वतःला सर्वांत पटलेला नमुना केंटकीचा. टोयोटाने जॉर्जटाउनच्या कारखान्यासाठी ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजबरोबर २०१० मध्ये एक अभ्यासक्रम सुरू केला, तो फेम या नावाने ओळखला जातो. पाच सत्रं, आठवड्यातले दोन दिवस वर्ग, तीन दिवस कारखान्यात पगारी काम. वर्गही कारखान्यासारखा, उशीर चालत नाही. यातली खरी हुशारी टोयोटाने इतर कंपन्यांनाही आत घेतलं यात आहे. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालात केंटकीतले सुमारे ८० टक्के फेम विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात असं दिसलं, तुलनेच्या इतर विद्यार्थ्यांत हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण फेमचे विद्यार्थी कंपन्यांनी आधीच पारखून घेतलेले असतात हे जमेस धरून तो वाचावा.

तुमची कंपनी छोटी असल्यामुळे ‘आम्ही शिकवायचं आणि शेजाऱ्याने पळवायचं’ ही भीती असेलच. पळवतात. कॉलेज सरकारी आहे, शिकलेल्याला तुमच्याकडेच थांबवणं आमच्या हातात नाही. मूळ प्रमाणपत्रं कंपनीत ठेवून घेणं, दोन वर्षांचा बॉंड, हे इथे विसरा. दहा अप्रेंटिस एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच कंपन्यांनी दोन-दोन घ्यावेत, अभ्यासक्रम एक, पगाराचे टप्पे सारखे, आणि एकमेकांची माणसं प्रशिक्षण संपेपर्यंत ओढायची नाहीत असा समजुतीचा करार. (तो लिहिण्याआधी वकिलाला दाखवा, कामगार न पळवण्याचे करार इथल्या स्पर्धा कायद्यात अडकू शकतात.) अशा गटाची मोट बांधणं हे कॉलेजचं काम, कारण आम्ही कुणाचेच स्पर्धक नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण हे नियम बदलत असतात. राज्याच्या योजनेतून नव्या किंवा वाढत्या कंपनीसाठी प्रशिक्षक, साहित्य, अभ्यासक्रम आखणी यांचा खर्च भागतो, प्रशिक्षणार्थींचा पगार भागत नाही. अमेरिकी केंद्र सरकारच्या २०१४ च्या कायद्याखाली स्थानिक वर्कफोर्स बोर्ड (रोजगार आणि प्रशिक्षणाचा सरकारी निधी वापरणारं मंडळ) नव्या माणसाच्या कामावरच्या प्रशिक्षणकाळातला साधारण निम्मा पगार परत देऊ शकतं, काही अटींवर ७५ टक्क्यांपर्यंत. पेल ग्रँट ही गरजू विद्यार्थ्यांची मदत, पण ती लांब अभ्यासक्रमांनाच मिळायची. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ती ८ ते १५ आठवड्यांच्या कामाच्या अभ्यासक्रमांनाही लागू केली, मात्र ७० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला पाहिजे आणि ७० टक्क्यांना काम लागलं पाहिजे अशी अट घालून. याचा तुम्हाला फायदा असा की आता कॉलेजलाही ‘आम्ही यांना घेऊ’ असं लिहून देणारा मालक हवाय. व्हर्जिनियात २०१६ पासून एक वेगळीच रीत आहे: विद्यार्थी एक तृतीयांश फी भरतो, उरलेले पैसे राज्य कॉलेजला देतं ते अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर. आयोवात तर १९८३ पासून कम्युनिटी कॉलेज रोखे विकून प्रशिक्षणाचा खर्च उभा करतं आणि कंपनी कामगारांच्या पगारातून जो राज्य कर कापते त्यातला भाग वळवून ते रोखे फेडले जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे आयोवाच्या शेतकऱ्यांचं डोकं वाटलं.

आता तुम्ही काय द्यायचं. पैशांपेक्षा आम्हाला शिकवणारा माणूस हवा असतो. चांगला वेल्डर किंवा पीएलसी प्रोग्रामर उद्योगात जे कमावतो ते कॉलेज देऊ शकत नाही, त्यामुळे प्रशिक्षकाच्या जागा रिकाम्या पडतात आणि वर्ग रद्द होतात. तुमचा एक अनुभवी माणूस आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायला दिलात तर कुठल्याही देणगीपेक्षा मोठं काम होईल, शिवाय उमेदवारांची पहिली ओळख त्यालाच होईल. मशिनं द्यायची असतील तर चालू स्थितीतली द्या, मॅन्युअलसह. करात सूट मिळते म्हणून कंपन्या आमच्या अंगणात भंगार आणून टाकतात, ते हलवायला पुन्हा आमचेच पैसे जातात.

प्रत्येक अभ्यासक्रमाला उद्योगांची एक सल्लागार समिती असते. पुष्कळ ठिकाणी ती वर्षातून दोनदा भरते, सँडविच खाल्ले जातात, ‘छान चाललंय’ असं इतिवृत्तात येतं. तिथे एचआरच्या व्हाइस प्रेसिडेंटना पाठवू नका, शिफ्ट सुपरवायझरला पाठवा आणि एकच काम सांगा: गेल्या वर्षी घेतलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना काय येत नव्हतं ते उदाहरणासह बोलायचं. असं बोलणारा एक माणूस समितीत असला तर अभ्यासक्रम हलतो. आणि हायस्कूलची मुलं विसरू नका. आमच्या राज्यात अकरावी-बारावीची मुलं कॉलेजचे विषय फी न भरता घेऊ शकतात. त्यांना आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आयांना कारखाना दाखवा. इथल्या घरांत कारखाना म्हटलं की आजही बंद पडलेली गिरणी आठवते. कनापोलिसची पिलोटेक्स २००३ च्या जुलैमध्ये एका दिवसात बंद झाली आणि राज्यातली चार हजारांहून जास्त माणसं घरी बसली. रोवन-कबॅरस कम्युनिटी कॉलेजने त्यांच्यासाठी वर्ग काढले, पण बऱ्याच जणांचं हायस्कूलच पूर्ण नव्हतं, सुरुवात तिथून करावी लागली. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्या घराने ते भोगलंय, ते मुलाला तुमच्याकडे पाठवण्याआधी तुमचा कारखाना दहा वर्षांनी असेल का, असं विचारणारच.

वेळेचं म्हणाल तर ऑपरेटरचा पहिला वर्ग, सगळं जुळून आलं तर, भेटीपासून तीन-चार महिन्यांत उभा राहतो. अप्रेंटिसची तुकडी ऑगस्टच्या सत्राला धरायची असेल तर हायस्कूलमध्ये निवड आदल्या हिवाळ्यातच सुरू व्हायला हवी. तोवर लागणारी माणसं स्टाफिंग एजन्सीकडून घ्यावी लागतील, त्याला इलाज नाही. पुण्याहून इंजिनिअर जरूर आणा, पण त्यांना ऑपरेटर म्हणून वापरू नका. व्हिसाचे प्रश्न तर होतीलच, शिवाय इथला माणूस कधीच शिकणार नाही.

राहिलं चाकण. भारतात यूजीसीने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, पण तुमच्या कामाला जवळची संस्था आयटीआयच आहे आणि तिथे तुम्हाला वाटतं त्याहून जास्त हात घालता येतो. २००७-०८ च्या केंद्राच्या योजनेत देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी २.५ कोटींचं बिनव्याजी कर्ज देऊन उद्योगांशी जोडलं गेलं, आणि त्यांच्या संस्था व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे दिलं. २०१६ पासून ड्युअल ट्रेनिंगची सोय आहे, म्हणजे ट्रेडचा काही काळ आयटीआयत आणि काही काळ कारखान्यात. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहेच. जवळच्या आयटीआयची ही समिती शेवटची कधी बसली आणि तिच्यावर तुमच्या औद्योगिक क्षेत्रातलं कोण आहे ते आधी काढा. डेकमला तर सरकारी परवानगीही लागत नाही. एक खोली, जाड मार्कर, कार्डं, आणि शॉप फ्लोअरवरची आठ माणसं दोन दिवस सोडायची तयारी असलेला प्लांट हेड एवढं पुरतं. माझ्या पुण्याच्या ओळखींतून सांगते, यातली शेवटची वस्तू मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ लागेल.